हातचा एक

पुस्तकात लिहिलंय: तुझ्या घराचं चित्र काढ
आणि घरासमोर जे झाड आहे, तेही.
येल्मर खिडकीशी, पेन्सिल चावत.
मी म्हटलं, काढ की.
तो म्हणाला, कुठलं?
पॉपलर गेलं, मग विलो, मग एक विजेचा खांब,
पुन्हा विलो, अर्धा पाण्यात वाकलेला,
मग बराच वेळ झाडच नाही, नुसत्या गाई.

शेवटी त्यानं सगळीच काढली, एकाला एक चिकटवून,
कागद संपला तेव्हा मागच्या पानावर.
गाईसुद्धा.
बाईंनी रॉटरडॅमहून तपासून पाठवलं:
छान! पण झाड एकच हवं होतं.

आमची मालबोट 'गेझिना' ऐंशी मीटर लांब.
पुढे खडी, मागे आम्ही:
दोन खोल्या, जिरॅनियमची कुंडी, दोरीवर मोजे,
आणि जेवणाच्या टेबलावर सकाळी नऊला शाळा.
बाई पडद्यावर येतात, पूल आला की जातात.
"आता सगळ्यांनी मिळून" एवढ्यावर गोठतात, तोंड उघडं.
पुढचं वाक्य मी पूर्ण करते, बहुधा चुकीचं.
माझं शुद्धलेखन कच्चं. शब्दाच्या शेवटी ड की ट,
हे मला अजून वुब्बोला विचारावं लागतं.
तो वरून, सुकाणूजवळून ओरडतो,
मला गिअरच्या तेलाचं विचार!

अंक मात्र ऱ्हाइननंच शिकवले.
काठावर दर किलोमीटरला मोठी पाटी,
वर जाताना उलटी उजळणी, खाली येताना सुलटी.
आणि वजाबाकी तो शिकला नाइमेखेनच्या धक्क्यावर.
क्रेनचा पंजा खडी उपसत होता, आणि
बोटीच्या नाकावर रंगवलेले आकडे
एकेक करून पाण्याबाहेर येत होते:
अठ्ठावीस. सत्तावीस. सव्वीस.
"आई, कमी केलं की वर येतं!"
त्या दिवशी दिसेल त्याला सांगत सुटला,
क्रेनवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, माझ्या पगाराचं तसं नाही.

ऑगस्टमध्ये येल्मर सात वर्षांचा होईल.
बोटवाल्यांच्या मुलांचं वसतिगृह आहे, विटांचं,
समोर एक झाड. एकच.
पत्र आलंय: सहा टॉवेल, आठ जोड मोजे,
प्रत्येकावर नावाची पट्टी शिवलेली.
पट्ट्या मी रात्री शिवते, इंजिन थांबल्यावर.
मलाही तिथंच ठेवलं होतं.
पहिल्या रात्री पलंग हलेना
म्हणून झोप लागली नव्हती.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

आज बेरीज. सत्तावीस अधिक पंधरा.
सात आणि पाच बारा, म्हटलं,
दोन इथं लिही. हातचा एक.
त्यानं खरंच मूठ मिटली.
"आता तो शेजारी द्यायचा, दशकाच्या घरात."
"का? माझ्या हातात आहे ना?"
"हातातच ठेवला तर उत्तर चुकतं."
"कितीनं?"
दहानं, मी म्हटलं.
बरोबरच होतं ते. पुस्तकातही तसंच आहे.

मूठ उघडून त्यानं आत पाहिलं,
मग दोनाच्या डोक्यावर एक लिहिला,
इतका बारीक, की बाईंना दिसेल की नाही कोण जाणे.
वर वुब्बोनं भोंगा दिला. लोबिथ आलं.
उत्तर लिहायचं सोडून येल्मर धावला
पाटीवरचा आकडा त्याच्या आधी ओरडायला.

वही उघडी. पेन्सिल टेबलाच्या उताराला लागलेली,
मी तिला बोटानं अडवून बसले.
खिडकीत एक पॉपलर आलं,
हळूहळू अगदी मधोमध आलं.
भोंगा थांबेपर्यंत
ते आमच्या घरासमोरचं झाड होतं.